साखरेची नव्हती

"पाय पुसू नका. आत बोलावलंय कुणी?" टेलरबाईंची धाकटी बहीण दार अडवून उभी होती.

परिचारिका पायपुसण्यावरच थांबली. नऊ वर्षं दर सहा महिन्यांनी ती या घरी येत होती. पाळी गेलेल्या हजारो बायकांना रोज एक गोळी द्यायची. निम्म्यांना खरं औषध, निम्म्यांना नुसती साखरेची. मग कुणाचं हृदय, कुणाची हाडं टिकतात ते वर्षानुवर्षं बघायचं, असा तो अभ्यास. कुणाला कुठली गोळी, हे तिलाही ठाऊक नसे. गेल्या महिन्यात तो एकाएकी थांबवला. औषधाने हृदय राखलं नव्हतंच, उलट पक्षाघात वाढले होते. टेलरबाईंचा उजवा हात वर्षापूर्वीच तशा झटक्यात लुळा पडला होता.

"लिफाफा द्यायचाय."

"द्या आणि चालत्या व्हा."

"येऊ दे तिला," आतून जड जिभेचा आवाज आला.

टेलरबाई खिडकीपाशी बसल्या होत्या. शिवणयंत्रावर आता औषधांच्या बाटल्या होत्या. बहिणीने लिफाफा टरकावला, वाचला आणि मटकन खाली बसली.

"खरी होती, ताई. आणि आपण म्हणायचो, आपलं नशीब फुटकं, साखरेचीच आली असेल." मग ती परिचारिकेकडे वळली. "तिसऱ्या वर्षी डोकं दुखतंय, सोडते म्हणत होती ना ही? तेव्हा तुम्ही काय केलंत?"

"डॉक्टरांना कळवलं होतं." एवढ्यावर भागलं असतं. पण टेलरबाई तिच्याकडेच बघत होत्या. "पण 'सोडू नका' म्हणाले ती मी. डॉक्टर नव्हेत. माझ्या यादीतली एकही बाई तोवर गळली नव्हती. त्याची मला फुशारकी होती."

"वर तोंड करून सांगताय! दुसऱ्याच्या जिवावर फुशारक्या!"

परिचारिकेला पिशवीतला फॉर्म तरीही काढावाच लागला. गोळ्या बंद झाल्या तरी तपासण्या पुढची काही वर्षं चालणार होत्या; त्याला संमती हवी होती.

"अजून? पिळून पिळून चोथा केलात, आता काय उरलंय?" बहीण फॉर्म फाडायलाच धावली.

टेलरबाईंनी डावा हात पुढे केला. "पेन."

"ताई, सही करशील तर बघ!"

टेलरबाईंनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. कागद मांडीवरून घसरत होता. बहिणीने रागारागानेच, पण दोन्ही हातांनी तो धरून ठेवला. पेन अडखळत चाललं. सहीच्या रेघेवर एक वाकडा 'ना' उमटला. टेलरबाईंनी दम घेतला. परिचारिकेला पुढचं अक्षर कळलं होतं. समजूत घालायची सगळी वाक्यं तिला तोंडपाठ होती. ती गप्प उभी राहिली.

'ही' काढायला बराच वेळ लागला. वेलांटी रेघेबाहेर गेली, तेव्हा टेलरबाईंनी ती खोडली आणि पुन्हा नीट काढली.