नूतनच्या वाट्याचा रोट

श्रावणात घरी कानबाई देवी बसते त्या रविवारी बाहेरच्या माणसाला जेवायला बोलवायचं नसतं, हे लिंबायतच्या अहिराणी वस्तीत वाढलेल्या नूतनला ठाऊक असायला हवं होतं. पण कॉलेजला सुट्टी म्हणून तिनं नेमका तोच दिवस दिला. आणि येणारं माणूस बाहेरचं की घरचं, हे जयश्रीला सकाळपासून ठरवता येत नव्हतं.

मालतीबाई. नूतनला जन्म देणारी. वीसेक वर्षांपूर्वी बीडकडून चलथाणला ऊसतोडीला आलेली. नवरा वारलेला, पदरात तान्ही पोर. जयश्रीच्या नावानं दत्तकाचे कागद रीतसर झाले आणि पुन्हा गाठ पडली नाही. यंदा उन्हाळ्यात नूतननंच तिचा पत्ता काढला.

"मम्मी, टेन्शन नको लेऊ," ती म्हणाली होती. तेव्हापासून जयश्रीला धड झोप नव्हती.

रोटासाठी घरातल्या प्रत्येकाच्या नावानं मूठभर गहू घेतात आणि ते रोट घरच्यांनीच खायचे. नूतन आली त्या श्रावणात भाऊबंद कुरकुरले होते. जयश्रीच्या सासूबाईंनी, मंगलाबाईंनी, कोणाकडे न बघता पोरीची मूठ सुपात टाकली होती.

मालतीबाई आल्या, उंबऱ्याशीच अवघडून बसल्या. जयश्रीची नजर आधी त्यांच्या कानांकडे गेली. पाळी गालाला चिकटलेली, थेट नूतनसारखी.

"आक्का, मला नुसता च्या द्या," मालतीबाई म्हणाल्या.

"असं कसं? जेवूनच जायचं," नूतन म्हणाली, आणि आपलं ताट उचलून त्यांच्यासमोर ठेवलं. खीर, गंगाफळाची भाजी आणि रोट.

"वं माय!" मंगलाबाई कानबाईसमोरून अर्ध्या उठल्या. "ते बाहेरनास्ले चालस नही!"

जयश्रीच्या हातातली पळी तशीच राहिली. चालत नाही म्हणावं, तर पोरीच्या आईला परकं ठरवलं; नूतन ते विसरणार नाही. चालतं म्हणावं, तर रक्ताचं तेच घरचं झालं. मग आपण कोण?

मालतीबाईंनी हात मागे घेतला. "काय असतंय हे?"

नूतननं खालमानेनं सगळं सांगितलं, मुठीसकट.

"हिची मूठ घेतात?"

"दरसाल," मंगलाबाई म्हणाल्या. "चुकत नही."

"मग खा की, बाई," मालतीबाईंनी ताट नूतनकडे सरकवलं. "तुझ्या वाट्याचं मला कशाला? मला पोळी असली तर बघा, आक्का."

जयश्रीनं त्यांच्यासाठी तव्यावर ताजी पोळी टाकली. ती करपली. दुसरी नीट झाली.

जेवणं अर्धवट असतानाच मालतीबाईंच्या गाडीची वेळ झाली. नूतन हात धुऊन उठली. "मी यांना स्टेशनवर सोडून येते." ती 'यांना' म्हणाली, 'आईला' नाही, हे जयश्रीनं टिपलं, आणि टिपल्याची तिला लाज वाटली. रिक्षा वळणाआड गेली तरी ती गॅलरीतच उभी होती. नूतन मागच्या सीटवर त्या बाईच्या अगदी जवळ सरकून बसली होती.

"परत उनी नही तर?" तिच्या तोंडून अहिराणीच निघाली.

मंगलाबाईंनी नूतनच्या ताटातल्या अर्ध्या रोटाकडे बोट केलं.

"ते झाकी ठेव. दुसरं कोनी खावाव नही."

जयश्रीनं त्यावर वाटी पालथी घातली आणि ताटापाशीच बसून राहिली.