दाराबाहेरचा लायलॅक

मी लायलॅक बोलतोय. जांभळ्या, सुवासिक तुऱ्यांचं झाड, आयर्लंडच्या एका बेटावरचं. माझ्यासमोर पाटी आहे, तिच्यावर ‘ऐतिहासिक’ असं लिहिलंय. म्हणजे मी म्हातारा झालोय आणि मला काढून टाकायला कुणाला सवड मिळाली नाही.

मला एका नव्या नवरीनं आणलं. माहेरून होडीत बसून आली, तेव्हा ओल्या फडक्यात गुंडाळलेला मी तिच्या मांडीवर होतो. तिनं मला दाराशी लावलं. पहिला बहर आला तसा एक तुरा हौसेनं घरात नेला. सासूनं तो चुलीच्या चिमट्यानं धरून बाहेर टाकला. लायलॅक घरात आला की घरातलं माणूस जातं, अशी इथली समजूत. त्याच हिवाळ्यात सासू गेली. वय सत्तरीच्या पुढे, छातीत कफ. पण बदनाम मी झालो.

पुढे त्या घरातले लोक एकेक करून बोटीनं अमेरिकेला गेले. छप्पर पडलं. आत चार भिंती, बाहेर मी. बेटावर असे आम्ही बरेच आहोत. लायलॅक दिसला की तिथे कुणाचं तरी घर होतं, असं समजायचं. आता दर मे महिन्यात ब्रिजी नावाची इथलीच म्हातारी आम्हाला दाखवत लोकांना बेटाभोवती फिरवते. माणसं वास घेतात, फोटो काढतात आणि टॉयलेट कुठे आहे ते विचारतात.

यंदा समोरच्या किनाऱ्यावरच्या गॉलवे शहरातून केतकी आली. सोबत नवरा यशोधन, नागपूरहून आलेल्या सासूबाई आणि पोटाशी बांधलेली तान्ही इशिता. पोर हिवाळ्यात न्यूमोनियानं हॉस्पिटलात होती. तेव्हापासून केतकी तिची टोपी कानावर ओढत असते. वारा नसला तरी ओढते.

ब्रिजी पडक्या घराची गोष्ट सांगत होती. तेवढ्यात सासूबाईंनी पिशवी काढली आणि माझे तुरे खुडायला लागल्या. सकाळी फिरायला जाताना दुसऱ्याच्या कंपाउंडातली फुलं देवाला आणायची, ही त्यांची जन्माची सवय.

“आई, अगं ऐतिहासिक आहे ते!” यशोधन म्हणाला.

“मग? देव काय परवाचा आहे?”

ब्रिजी रागावली नाही. “खुडा, ग्रँड, काही हरकत नाही. फक्त घरात नेऊ नका,” म्हणाली, आणि का ते सांगितलं. यशोधन हसला. केतकीचा चेहरा मात्र उतरला.

“आई, टाका ती फुलं.”

“देवाची फुलं टाकू? काहून?”

“टाका म्हणते ना!”

सून अशी कधी बोलली नव्हती. सासूबाईंचा हात पिशवीतच राहिला.

“केतकी, झाड आहे ते. काही होत नाही,” यशोधन म्हणाला.

“तुझं ‘काही होत नाही’ मी डिसेंबरात ऐकलंय.”

यशोधन बुटाची लेस बांधायला वाकला. ती सुटली नव्हती.

सासूबाईंनी पिशवीकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं. मग सगळे तुरे मुठीत धरले, इशितावरून तीनदा उतरवले, “आल्यागेल्याची, झाडापेडाची, दृष्ट निघो बाप्पा,” असं पुटपुटल्या आणि पडक्या घराच्या भिंतीवरून पलीकडे भिरकावले.

“आता मागं पाहू नको,” त्या सुनेला म्हणाल्या.

ब्रिजीला मराठी येत नाही. तरी तिनंही पाठ फिरवली.

अशा रीतीनं मी पुन्हा त्या घरात गेलो. चुलीच्या जागी पडलो. कुणी मेलं नाही. मरायला तिथे कुणी उरलेलंच नाही.

उतारावर केतकी म्हणाली, “द्या आई, पिशवी मी घेते.”

“रिकामीच आहे वो.”

“असू दे.”

तुम्हीही या कधी मे महिन्यात. वास घ्या, त्यानं कुणाचं काही वाईट होत नाही. आणि लेकराची आई असाल, जीव घाबरत असेल, तर सगळा दोष मला द्या आणि निर्धास्त घरी जा. मला सवय आहे.