चार दिवस तरी हलवू नका

बाबाजीने नववी पिशवी पुढ्यात ओढली, तिच्यात नळीने ऑक्सिजन भरला आणि तोंडाला पीळ देऊन दोन रबर चढवले. आत थर्माकोलच्या चकतीला उलटं बांधलेलं जांभळं कोरल पाण्यात लोंबत होतं, पिशवीला कुठेही न घासता. दुबईच्या देरा भागातल्या मत्स्यालयाच्या दुकानात अशी बांधणी त्याच्याशिवाय कोणाला साधत नसे. म्हणून तर धनंजयशेठने शुक्रवारची सुट्टी असूनही त्याला बर दुबईच्या आपल्या फ्लॅटवर बोलावून घेतलं होतं.

ही जिवंत कोरलं आज संध्याकाळच्या विमानाने त्याच्याबरोबरच जाणार होती. पुण्यात शेठच्या धाकट्या भावाने, सतीशने, नव्या बंगल्यात खाऱ्या पाण्याची टाकी बसवली होती. ती भरून दिली की बाबाजी संगमेश्वरला आपल्या घरी जायला मोकळा.

काल दुपारी शेठने त्याला जवळ बसवून सांगितलं होतं, गावाहून फोन होता, आई सिरीयस आहे, तिकीट काढलंय. तेव्हापासून बाबाजीचा जीव टांगणीला लागला होता. तो एकुलता एक. बाप गेला तेव्हा तो इथेच बांधकामाच्या साइटवर होता, पोहोचलाच नाही. निदान आईचं तरी तोंड दिसू दे, एवढंच मागणं. आणि शेठ म्हणजे देवमाणूस, असंही तो अजमानच्या खोलीतल्या सगळ्यांना सांगून आला होता. भोळा तो भोळाच.

"शेठ, मुंबईहून आधी गावी जाऊन आलो तर?" त्याने सकाळी भीत भीत विचारलं होतं.

"अरे, मग माल मरेल. पुण्यात तीन तासांचं तर काम. आईला काही होत नाही."

फरशीवर पाणी सांडलं होतं. फडकं आणायला तो स्वयंपाकघराकडे निघाला. वाटेत देवघर होतं. शेठच्या बायकोने, प्रज्ञावहिनींनी, हात आडवा केला.

"तिकडून नको रे. मी देते फडकं. सुतक आहे ना तुला."

"मला कसलं सुतक, वहिनी?"

"असं काय करतोस? आज पाचवा दिवस. सोमवारी तुझ्या काकांचा फोन मीच तर..." वहिनी थांबल्या. मग बेडरूमच्या दाराकडे बघत हळू आवाजात म्हणाल्या, "मी बोलले असं यांना सांगू नकोस हं."

गावी त्याने या फ्लॅटचाच एक नंबर देऊन ठेवला होता.

सोमवार. सोमवारी सकाळीच इंडोनेशियाहून हा माल उतरला होता. पुण्याला कधी पाठवता येईल, असं शेठने विचारलं आणि बाबाजीने मोठ्या ऐटीत सांगितलं, "चार दिवस तरी हलवू नका, शेठ. प्रवासाने दमलीत. लगेच हलवलीत तर वाटेतच मरतील." तू म्हणशील तसं, शेठ म्हणाले होते. आणि खरंच तसंच केलं त्यांनी. आईला अग्नी चुलतभावाने दिला असणार. अस्थीही सावडून झाल्या असतील.

तो हॉलमध्ये येऊन बसला. चार पिशव्या राहिल्या होत्या. एकेक उचलून भिंतीवर आपटावी, असं त्याला फार वाटलं. पण पासपोर्ट शेठच्या खिशात होता. त्याने पुढचं कोरल उचलून चकतीला बांधायला घेतलं. दोरा दोनदा सुटला.

"यल्ला, चल बाबाजी, गाडी खाली आलीय," शेठ बाहेर येत म्हणाले. शेवटच्या खोक्याला चिकटपट्टी लागेपर्यंत ते उभेच राहिले. मग पासपोर्ट आणि तिकीट त्याच्या हातात दिलं.

"पुण्यात नीट कर. पाण्यात सोडताना घाई नको."

"नाही शेठ. आता कसली घाई."

शेठने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तसं नव्हे रे. काम झालं की लगेच पळ. आई वाट बघत असेल."

वहिनी दारात होत्या. त्यांनी मान खाली घातली.

"हो शेठ," बाबाजी म्हणाला आणि पहिलं खोकं जपून उचललं.