पावणेसहाचा खांब

"ताई, एक सांगू? या खांबांवरून आई उठल्या की नाही ते ठरवत बसू नका. लोक करतात असलं. मागे एकांच्या घरी पंखा आठ दिवस गरगरत होता, आणि घरमालक सासुरवाडीला!"

वीज कंपनीचा माणूस आईच्या घरी नवं मीटर भिंतीवर चढवून स्टुलावरून उतरत होता. टकीच्या कडेवर तिचा तान्हा मुलगा, सगळ्यांचा भोपळा, होता आणि मोकळ्या हातात फोन. फोनच्या पडद्यावर आईच्या घरातली वीज निळ्या खांबांनी उभी होती, दर पंधरा मिनिटांना एक खांब. जास्त वीज, उंच खांब. टकीने "हो हो" म्हणून त्या माणसाला दारापर्यंत पोचवलं आणि दार लावून घेतलं. चांगली संख्याशास्त्रात पदवी घेतलेली बाई ती, तिला खांब वाचायला कुणी शिकवायची गरज नव्हती.

टकी हे काही तिचं खरं नाव नव्हे. पाळण्यात असल्यापासून सगळ्यांकडे टकामका बघायची, म्हणून आईने ठेवलेलं. मोठी झाल्यावरही ती बघतच राहिली. दुधाच्या पिशवीवरची तारीख, गॅसचं बटण, भोपळ्याचा श्वास. भोपळा झाल्यापासून तर तिचे डोळे मिटतानासुद्धा कशावर तरी नजर ठेवून मिटायचे. पोटापाण्याचं कामही तसंच मिळालं होतं. एका संकेतस्थळावर 'वापरून पाहिलं' नावाचं सदर होतं. कंपन्या घरगुती वस्तू पाठवायच्या, टकी त्या महिनाभर वापरायची आणि दोन-चारशे शब्दांत आपलं मत लिहायची. हा मिक्सर आवाज फार करतो. या दिव्याची बॅटरी सांगतात तेवढी टिकत नाही. भोपळा झोपला की लिहायचं आणि उठला की वाक्य अर्ध्यावर सोडायचं.

आई शहराच्या दुसऱ्या टोकाला दोन खोल्यांत एकटी राहायची. एकतीस वर्षं तिने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून लोकांचे फोन जोडले होते. निवृत्तीच्या दिवशी घरी येऊन तिने पर्स टेबलावर टाकली आणि जाहीर केलं, "ज्याला मी हवी असेन त्याने जिना चढावा." तेव्हापासून तिने फोन उचलला नाही. टकीने मोबाइल घेऊन दिला, तो वरच्या फळीवर चार्ज होत पडलेला असायचा. पाहुणे कधी येणार हे नातेवाईक पोस्टकार्डाने कळवत, असा एक विनोद घरात होता, आणि तो अगदीच विनोद नव्हता.

गेल्या वर्षापासून आईला मधूनच चक्कर यायला लागली. डॉक्टर म्हणाले, एकटं राहू नका. आईने डॉक्टर बदलला.

"माझ्याकडे चल ना," टकी दर रविवारी म्हणायची.

"तुझ्याकडे चार यंत्रं, एक नवरा आणि एक भोपळा. मी कुठे मावू? माळ्यावर?"

मग टकीने तो खांब शोधून काढला. आई टीव्ही बघत नसे, रेडिओ सेलवरचा, स्वयंपाक गॅसवर. विजेवर चालणारं मोठं असं एकच काम होतं. पहाटे पावणेसहाला उठून ती गीझरचं बटण दाबायची. त्या वेळी पडद्यावर एक उंच निळा खांब उभा राहायचा, आणि दिवसभर बाकी सगळं सपाट. टकी भोपळ्याला पाजता पाजता तो खांब बघायची आणि तिच्या जिवात जीव यायचा.

"काय म्हणतोय खांब?" नवरा उशीतून विचारायचा.

"उठली."

"झोप मग."

तेवढ्यावर त्यांचा दिवस सुरू व्हायचा. नऊ महिने हे असं चाललं.

मग एका कंपनीने टायमरचा प्लग तपासायला पाठवला. भिंतीतल्या सॉकेटमध्ये तो बसवायचा, वेळ लावायची, की यंत्र आपोआप सुरू आणि आपोआप बंद. टकीला पहिली आठवण आईची झाली. आई अंथरुणातून उठायची, अंधारात बाथरूमपर्यंत जायची, बटण दाबून परत यायची, पाणी तापेपर्यंत बसायची आणि पुन्हा उठायची. चक्कर यायची ती नेमकी उठताना. एक उठणं तरी वाचेल! टकीने रविवारी जाऊन स्वतःच्या हाताने टायमर बसवला, पावणेसहाची वेळ लावली.

आई चष्मा सरसावून बघत होती. "म्हणजे आता बटण दाबायलाही मी नको."

"तू आंघोळ कर फक्त."

"उपकार आहेत."

दुसऱ्या दिवशीपासून खांब पावणेसहाला उभा राहू लागला. पूर्वी कधी साडेपाचला, कधी सहाला असायचा. आता एका खांबाचाही फरक नाही. "आई बघ कशी वक्तशीर झाली," टकी नवऱ्याला म्हणाली, आणि तोही "हं" म्हणाला.

आता ऐकणाऱ्याला वाटेल, ही शिकलेली बाई, तिला कसं कळलं नाही? नाही कळलं. भोपळ्याला वरचे दोन दात येत होते आणि तीन आठवडे घरात कुणाच्या डोळ्याला डोळा नव्हता. नऊ महिन्यांची सवय होती. खांब दिसला की 'उठली' म्हणायचं आणि मान खाली टाकायची. त्या खांबामागून आईचा हात आपणच काढून घेतलाय, हे तिच्या मनात आलं नाही, इतकंच. थकलेल्या माणसाला जे बघायची सवय असते तेच दिसतं.

पुढचे दोन रविवार नेहमीसारखे गेले. तिसऱ्या रविवारी मात्र टकीने आईला लेक्चर दिलं. शहरात पाणीकपात सुरू होती, विजेचे दर वाढले होते, आणि टकीने त्याच आठवड्यात बचतीवर एक मत लिहिलं होतं. अशा वेळी माणसाला गप्प बसवत नाही.

"आई, पूर्ण बादली गरम पाणी कशाला लागतं तुला? अर्धीत होत नाही?"

"माझ्या अर्ध्या बादलीवर शहराचा गाडा अडलाय का?"

"सगळे असंच म्हणतात म्हणूनच अडतो."

"बरं बाई. उद्यापासून ओल्या फडक्याने पुसून घेते अंग."

भोपळा खदखदून हसला, कारण आजी हातवारे करत होती. टकी रागावली आणि जाताना तिने नुसतं "येते" म्हटलं.

सोमवारी खांब उंच होता. मंगळवारी तो निम्म्याहून कमी झाला. बुधवारीही तेवढाच.

टकी अंथरुणातच उठून बसली. "अरे, ऐकलं आईने! बघ, अर्ध्यावर आणली वीज. तोंडाने कधी कबूल करायची नाही, पण ऐकते हं ती माझं."

"तुझं?" नवरा म्हणाला. "मग भूकंप व्हायचाय."

पण टकीला आनंद झाला होता. खूप दिवसांनी काहीतरी मनासारखं झालं होतं, आणि तिच्याकडे टायमरवरचं मत द्यायची मुदतही संपत आली होती. भोपळा सकाळी नऊला झोपला. तिने तीन दिवसांच्या खांबांचं चित्र चिकटवलं आणि एका बैठकीत लिहून टाकलं: एका ज्येष्ठ नागरिकाच्या घरी टायमर आणि थोडी शिस्त यांनी काय साधलं ते बघा. साडेनऊला मत संकेतस्थळावर चढलं.

दहापर्यंत वाचकांचे शेरे यायला लागले. एकाने लिहिलं, आमच्या घरी टायमर लावला तर तो बायकोलाच लावावा लागेल. त्यावर बायकोने खाली लिहिलं, घरी या, सांगते. तिसरा म्हणाला, आम्ही आंघोळच सोडली आहे, शंभर टक्के बचत. टकी कपड्यांच्या घड्या घालत घालत वाचत होती आणि एकटीच हसत होती.

पावणेअकराला 'नळवाला' या टोपणनावाचा शेरा आला.

"ताई, तीस वर्षं गीझर दुरुस्त करतोय. बादली अर्धी घेतली तरी टाकीत थंड पाणी शिरतंच, खांब एवढा खाली येत नाही. आदल्या दिवसाचं गरम पाणी तसंच टाकीत राहिलं तर असा दिसतो. रात्रभरात जेवढं निवलं तेवढंच पुन्हा तापवलं. या घरात दोन दिवस कुणी नळ सोडलेला नाही. गावाला गेलेत का?"

टकीने तो दोनदा वाचला. तिने चित्र उघडलं. सोमवार उंच, कारण रविवारी पाणी वापरलं होतं. मंगळवार छोटा. बुधवार छोटा. सगळं तिथेच होतं, तिनेच चिकटवलेलं, खाली तिचंच कौतुक.

तिने फोन लावला. घंटी वाजत राहिली. ती नेहमीच वाजत राहायची. पुन्हा लावला. मग झोपलेल्या भोपळ्याला तसंच उचललं, चपला उलटसुलट घातल्या आणि जिन्यावरून नवऱ्याला निरोप टाकला: आईकडे. ये.

बस मिळेना म्हणून टॅक्सी केली. चालक गप्पिष्ट होता. हल्ली नकाशाच्या ॲपने रस्ते कसे चुकतात, याच्यावर त्याचं ठाम मत होतं. टकीने आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या मताला उत्तर दिलं नाही.

आईच्या इमारतीत तळमजल्यावर शिंपीकाकांचं दुकान होतं, पहिल्या मजल्यावर कापडाचं गोदाम आणि वर आई. काका मशीनवरून मान वर करून म्हणाले, "अरे, तुम्ही? आई तुमच्याकडेच ना?"

"कुणी सांगितलं?"

"सांगितलं नाही कुणी. तीन दिवस दूध आणायला उतरल्या नाहीत. वाटलं, नातवाकडे गेल्या असतील." बोलता बोलता त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी पायाखालचं मशीन सोडलं आणि टकीच्या मागोमाग जिना चढले.

किल्ली कुलपात जाईना. काकांनी तिच्या हातातून घेऊन ती लावली.

आई पलंग आणि बाथरूमच्या मध्ये जमिनीवर आडवी होती. अंगावर पलंगावरून ओढलेली चादर, बाजूला उशी, हाताशी पाण्याचा तांब्या लवंडलेला. एक पाय वेडावाकडा वळलेला. डोळे उघडे होते. टकी भोपळ्यासकट तिच्याजवळ खाली बसली. भोपळा रडला.

आईचे ओठ चिकटले होते. काकांनी ओल्या रुमालाने ते पुसले.

"लाइन बिझी होती का गं?" आई म्हणाली.

सोमवारी सकाळी उठताना चक्कर आली होती. तांब्याने तिने फरशी वाजवली, पण खाली गोदाम, तागे काय ऐकणार? आज फळीवरचा फोन दोनदा वाजला. "एकतीस वर्षं आणि वर एवढी वर्षं," आई रुग्णवाहिकेत पुटपुटली, "पहिल्यांदाच उचलावासा वाटला मेला."

"बोलू नकोस."

"आणि ते गीझरचं ढुढ्ढुम. रोज पावणेसहाला. वाटायचं, कुणीतरी उठलंय घरात."

टकीने भोपळ्याच्या डोक्यात तोंड लपवलं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. अंगातलं पाणी कमी झालं होतं, मूत्रपिंडावर ताण होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उद्या शस्त्रक्रिया करू. आणखी एक दिवस गेला असता तर मी हे बोलत नसते." त्यांनी हे ओरडून सांगितलं नाही, कागदावर लिहिता लिहिता सांगितलं, म्हणून ते जास्त लागलं.

गुरुवारी दुपारी शस्त्रक्रिया नीट पार पडली. नवऱ्याने भोपळ्याला घरी नेलं. आई गुंगीत होती, मधूनच "नंबर सांगा, नंबर सांगा" म्हणत होती. टकी तिच्या उशाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती आणि फोनवर संपादकबाईंचा निरोप आला: तुझं मत खूप वाचलं जातंय, शेऱ्यांमुळे तर फारच! तो नळवाला कोण गं? पुढचं कधी देतेस?

टकीने तो निरोप बंद केला. तिने आपलं लिखाण उघडलं. पुसून टाकावं असं एकदा वाटलं. मग तिला वाटलं, पुसलं तर पुन्हा कुणाला काही दिसणार नाही. तिने खांबांचं चित्र तसंच ठेवलं. शिस्त, बचत, ज्येष्ठ नागरिक, सगळं खोडलं. त्या जागी आईचा हात दुसऱ्या हातात धरून, त्यातली सलाइनची सुई हलणार नाही अशा बेताने, एका अंगठ्याने, हळूहळू लिहिलं:

"टायमर चांगला आहे. सांगितलेल्या वेळी सुरू होतो, बंद होतो. मी खांब चुकीचा वाचला. सोमवार सकाळपासून बुधवारपर्यंत माझी आई जमिनीवर पडलेली होती, आणि मी ते चित्र इथे बचत म्हणून लावलं. नळवाल्या दादांनी विचारलं नसतं तर अजूनही पडलेली असती. दादा, ती वाचली.

तुमच्या ओळखीत कुणी एकटं राहत असेल, आणि त्यांच्या सोयीसाठी तुम्ही घरात काही आपोआप चालणारं बसवून दिलं असेल, दिवा, गीझर, मोटर, काहीही, तर पुढचा शेरा वाचू नका. आत्ता उठा. फोन उचलत नसतील तर जिना चढा. लांब असाल तर खालच्या दुकानदाराला, समोरच्या बिऱ्हाडाला चढायला सांगा. दार वाजवा, आणि आतून त्यांचा आवाज येईपर्यंत तिथून हलू नका."