पाण्यावर न चालणारी गाडी

आमची गाडी पाण्यावर चालते, असं आमच्या प्रोजेक्टच्या सरांनी पेपरवाल्याला परस्पर सांगून टाकलं. सत्त्याण्णव साल, इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. खरं एवढंच होतं की मी आणि माझ्या वर्गातल्या मिलिंदनं भंगारातल्या रिक्षाला मोटर बसवली होती. चढाला बॅटरी, सपाटीला पुण्याहून उसना आणलेला एक फ्युएल सेल. त्यात हायड्रोजन, म्हणजे जत्रेतल्या फुग्यांचा गॅस, हवेतल्या ऑक्सिजनला मिळायचा, वीज तयार व्हायची आणि मागच्या नळीतून थेंब थेंब पाणी गळायचं. सिलिंडरही पुण्याहूनच यायचं. सगळं धरून किलोमीटरला तीन रुपये पडायचे. पेट्रोलवरच्या लुनाला आठ आणे पुरत.

तीन रुपयांचा तो आकडा मी गाडीपुढच्या पाटीवर लिहिला. सरांनी पुसला. मी परत लिहिला.

"संयोगिता, प्रदर्शनाला येणारे पाहुणे मोठे आहेत," सर म्हणाले. "आणि मार्क माझ्या हातात आहेत."

मार्क गेले की वर्ष गेलं, आणि माझे वडील, आबा, दुसरं वर्ष देणार नव्हते. घरी स्थळं येऊन पडली होती. तरी माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला होता की मी पाटी पुसू दिली नाही.

विश्रामबागेत कॉलेजच्या मैदानावर प्रदर्शन भरलं त्या दिवशी कऱ्हाडकडून गावची जीप आली. आबा उतरले. पेन्शनीत आलेले सुभेदार, डोक्याला फेटा, खांद्यावर कृष्णेच्या पाण्यानं भरलेली तांब्याची घागर. पेपरातलं कात्रण त्यांनी गावात घरोघरी दाखवलं होतं.

"झाकान कुठलं गं? उघड. पयलं पानी किष्णामाईचं."

सर माझ्या कानाशी आले. "गाडीतल्या त्या रिकाम्या डब्यात ओतू दे त्यांना. फोटो चांगला येईल."

पाहुणे कौतुकानं बघत होते. मी गाडीपुढं आडवी उभी राहिले.

"आबा, ओतायचं न्हाई. ही पान्यावर चालत न्हाई. गॅसवर चालती, आन् पेट्रोलपरीस लय म्हाग पडती. पेपरात खोटं छापलंय."

जीपभर माणसांसमोर मी बापाला तोंडघशी पाडलं होतं. फार वाईट वाटलं. पण मी हलले नाही.

"पोर घाबरलीय," सर पाहुण्यांना म्हणाले.

"ती घाबरल्याली न्हाई," आबा म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "म्हाग पडती, तर क्येली कशापायी?"

"धूर न्हाई म्हनून. आज तीन रुपये हायत, ते उद्या कमी करता येतील. आजच आठ आणे लिवलं, तर उद्या कमी काय करायचं?"

मिलिंदनं गाडी चालू केली. मैदानाला एक फेरी मारून ती आवाज न करता आमच्यापुढं येऊन थांबली. नळीतून पाणी गळत होतं. आबांनी घागर खाली ठेवून नळीखाली हात धरला, तळव्यावरचे थेंब बघितले.

"आत जात न्हाई म्हन, भाईर येतं."

त्यांनी घागर उचलली. सरांनी लगबगीनं रिकामा डबा पुढं केला. आबा त्यांना वळसा घालून गेले आणि सगळं पाणी पुढच्या चाकावर ओतलं, नवा ट्रॅक्टर दारात आला की ओततात तसं.

"आता त्यो पाटीवरला आकडा वाच," ते म्हणाले. "मोठ्यानं. जीपमदल्या मान्सास्नी ऐकू ग्येला पायजे."

मी वाचला. सरांकडं बघून वाचला.