दुसरा ब्रेक

आईच्या गाडीला दोन ब्रेक होते. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शेजारी बसणाऱ्या आईच्या. अर्धं गाव तिच्याकडे गाडी शिकलं आणि तिला ब्रेकबाई म्हणू लागलं. उरलेलं अर्धं अजून पायीच हिंडतंय, असं ती सांगायची.

ती गेल्यावर दादाने गाडी विकायचं ठरवलं. रविवारी गिऱ्हाईक येणार होतं. तो दुसरा ब्रेक तेवढा काढून द्या, एवढीच त्याची अट. दादाचं चुकत नव्हतं. गाडी शिकवायचा परवाना मलाही मिळाला होता, पण आईच्या जागेवर मी कधी बसले नव्हते.

"तुझ्याच्याने निभणार आहे का?" त्याने विचारलं.

मी संध्याकाळी लेखनाच्या वर्गाला जात असे. सरांनी आयुष्यातल्या एका मोलाच्या अनुभवावर निबंध सांगितला होता. शनिवारी वर्गात सगळ्यांच्या घरच्यांसमोर वाचायचा होता. मी आईवर लिहिला. कष्ट, शिस्त, माया, सगळं रीतसर.

सरांनी तो वाचून चष्मा काढला. "भाषेला नाव ठेवायला जागा नाही. पण शेजारी बसलेली आई, आणि चालवणारीही आईच. तुम्ही कुठे आहात?"

घरी आले ती तडक गाडीत जाऊन बसले, आईच्या जागेवर. पाय आपसूक ब्रेकवर गेला. त्याचं रबर झिजून गुळगुळीत झालं होतं. त्यातलं बरंचसं माझ्याच शिकण्यापायी झिजलं असणार. मग आठवलं. आईला याच गाडीतून मी शेवटचं दवाखान्यात नेत होते तेव्हा अरुंद पुलावर समोरून ट्रक आला. मी घाबरून तिच्या पायांकडे पाहिलं. पाय ब्रेकवर नव्हतेच. चपला काढून, पाय वर घेऊन ती ऐसपैस बसली होती.

"इकडे काय बघतेस? समोर बघ," ती म्हणाली आणि खिडकीतून नदी बघू लागली.

मी ट्रकला वाट दिली आणि पूल पार केला.

पहिला निबंध मी फाडून टाकला. दुसऱ्याची सुरुवात त्या चपलांपासून केली. लिहिताना कष्ट, शिस्त, माया यातला एकही शब्द लागला नाही.

शनिवारी मी निबंध वाचला. मध्ये एकदा थांबले, पाणी प्यायले आणि पुढे वाचलं. दादा मागच्या बाकावर मान खाली घालून ऐकत होता. शेवटी सर एवढंच म्हणाले, "आता दिसलात."

परतताना गाडी मी चालवत होते आणि दादा आईच्या जागेवर होता. पहिल्याच वळणावर त्याने ब्रेक दाबला. दुसऱ्या वळणावर पुन्हा. मागचा रिक्षावाला आमच्या घराण्याचा उद्धार करत निघून गेला.

"दादा, पाय वर घे."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या. एवढा आडवातिडवा माणूस, गुडघे पार हनुवटीला टेकले. तशाच अवस्थेत त्याने खिशातून फोन काढला आणि गिऱ्हाइकाला लावला.

"उद्या येऊ नका. गाडी विकायची नाही. आमच्या ब्रेकबाईंना लागते."

मी त्याच्याकडे वळून पाहिलं नाही. समोर बघत होते.