बटणापाशी कुणीतरी हवं

संप पुकारायला छाती लागते आणि ती आमच्या थोरल्या जाऊबाईंना आहे, हे मी आधीच मान्य करून टाकते. नाहीतर पुढचं ऐकून म्हणाल, जावाजावांचं भांडण दिसतंय. होतंही ते, पण थोडंसंच.

आम्ही दोघी एकाच घरात राहतो आणि गोंदाच्या एकाच कारखान्यात जातो. त्या पॅकिंगच्या हॉलमध्ये, बायकांच्या घोळक्यात. मी आतल्या खोलीत, कढईवर, एकटी. कढई म्हणजे माणसाच्या उंचीचं पिंप. त्यात खोकी चिकटवायचा गोंद दिवसभर शिजतो आणि एक लोखंडी पातं तो ढवळत राहतं. पात्याच्या बटणावर इंग्रजीत ‘ॲजिटेट’ लिहिलंय, म्हणून आमच्याकडे कुणी ‘ढवळ’ म्हणत नाही, ‘ॲजिटेट कर’ म्हणतात. मोटर जुनी. मधूनच रुसते, मग बटण पुन्हा दाबायचं. एवढंच माझं काम, असं मॅनेजरचं मत. पण तेवढं चुकलं तर गोंद पात्याभोवती दगडासारखा आवळतो, कढई कामातून जाते आणि नवी येईपर्यंत सगळ्यांना घरी बसावं लागतं.

त्या सकाळी हॉलमध्ये एक बाई कढईच्या वाफेने भोवळ येऊन पडली. तोंडावर पाणी मारल्यावर ती सावरली, पण जाऊबाईंचं डोकं फिरलं. हॉलला वाफ ओढणारे पंखे बसवा, असं त्या कधीपासून सांगत होत्या आणि मॅनेजर कानाडोळा करत होता. त्या सरळ टेबलावर चढल्या. हॉलला पंखे लागल्याशिवाय काम नाही, एकही बाई आत राहणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. कढईच्या खोलीचं नाव त्यात नव्हतं. मी काही बोलले नाही. म्हटलं, यांना लागले तर आपल्याकडेही वारा फिरेल थोडा.

बायका भराभर अंगणात जाऊन बसल्या. मीही ॲप्रनची गाठ सोडत निघाले, तर दारातच जाऊबाईंनी माझं मनगट धरलं.

“तू थांब,” त्या हळूच म्हणाल्या. “कढई भरलेली आहे. ती गेली तर नुसते पंखे घेऊन काय करायचंय?”

“आणि बायकांना काय सांगू?”

“त्यांना मी सांगते.”

त्यांनी सांगितलं नाही.

मी आत एकटी. दारापर्यंत जायचं, परत यायचं, बटण दाबायचं, पुन्हा दारापर्यंत जायचं. बसायला स्टूल होतं, पण जिवाची अशी घालमेल चालली होती की टेकवेना. बाहेर घोषणा सुरू झाल्या की वाटायचं, आपण तिथे असायला हवं. मोटर थबकली की वाटायचं, बरं झालं इथे आहोत. ॲप्रन दोनदा सोडला, दोनदा बांधला.

शेजारच्या केबिनमधून मॅनेजरचा फोन ऐकू येत होता. पॅकिंगची एक बाई सगळ्यांना ॲजिटेट करतेय, असं तो मालकाला सांगत होता. तेवढ्यातही मला हसू आलं. म्हटलं, साहेब, आमच्या घरात तेच चाललंय कित्येक वर्षं, आणि बंद करायचं बटण अजून कुणाला सापडलेलं नाही.

हसू फार टिकलं नाही. फोन ठेवून मॅनेजर आला, माझ्या खोलीची अंगणाकडची खिडकी त्याने सताड उघडली आणि बायकांना गोड आवाजात म्हणाला, की तुम्ही उन्हात बसलाय आणि तुमच्या पुढारीणबाईंच्या घरची माणसं आत कामावर आहेत.

मग तोफेचा आवाज आला. तोफ म्हणजे पॅकिंगमधली सगळ्यात मोठ्या गळ्याची बाई, हे नाव तिला आम्हीच दिलेलं. “गद्दार,” ती म्हणाली, आणि मग बाकीच्यांनीही तेच धरलं. या बायकांबरोबर मी रोज जेवते. मी जाऊबाईंकडे पाहिलं. त्या पहिल्याच रांगेत होत्या आणि मूग गिळून जमिनीकडे बघत होत्या. मला कळत होतं का ते. एकही बाई आत नाही म्हणून सांगितलं होतं ना, आता शब्द फिरवला तर अर्ध्या बायका उठून कामाला लागतील. कळत होतं, आणि तरीही त्यांचा राग आवरेना.

मी खिडकीशी गेले.

“ताई,” मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “मी बटण सोडून बाहेर येतेय. येऊ ना?”

जाऊबाई उठल्या. अंगण ओलांडून आत आल्या, माझ्या गळ्यातला ॲप्रन काढून स्वतःच्या गळ्यात घातला.

“कधी दाबायचं?”

“आवाज बंद पडला की लगेच.”

“जा मग.”

मी बाहेर गेले. कुणी सरकून जागा दिली नाही. सगळ्या खिडकीकडे बघत होत्या आणि आता तोच शब्द जाऊबाईंसाठी निघाला. मला वाटलं होतं, बरं वाटेल. नाही वाटलं. अंगाचा तिळपापड झाला.

मी चारचौघांत कधी तोंड उघडत नाही. त्या दिवशी उभ्या उभ्याच सुरू झाले. कढई थांबली तर काय होईल ते सांगितलं. मला कुणी थांबवलं तेही सांगितलं. तुमच्यापासून लपवलं ही त्यांची चूकच, घरी गेल्यावर त्यांना सोडणार नाही म्हटलं. “पण पंखे घेतल्यावर काम तर करायचंय ना? मग बटणापाशी कुणीतरी हवं. ती गद्दार नाही, तिची पाळी आहे.”

मग तोफ उठली, पदर खोचला आणि पुढची पाळी माझी म्हणाली. माझ्याकडे मात्र तिने पाहिलं नाही.

ती आत गेल्यावर जाऊबाई बाहेर आल्या. भिंतीला धरून आल्या. डोळे लाल, ओठ कोरडे पडलेले. पायरीवर माझ्याशेजारी बसल्या आणि बराच वेळ नुसता श्वास घेत राहिल्या.

“ही वाफ तू रोज ओढतेस?”

“हो.”

“आणि घरी येऊन माझ्याबरोबर स्वयंपाकाला उभी राहतेस.”

मी मान हलवली. सकाळपासून एवढं ऐकून घेतलं होतं, तेव्हा रडू आलं नव्हतं. आता आलं. जाऊबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला, मग तो काढून त्या उठल्या.

मॅनेजर तोवर अंगणात आला होता. मालक तयार झालेत, हॉलला दोन पंखे या आठवड्यात लावू, आता कामाला लागा, असं तो सांगत होता. बायका उठायला लागल्या होत्या.

“बसा,” जाऊबाई म्हणाल्या. सगळ्या बसल्या. “पहिला पंखा कढईच्या खोलीत. हॉलचं नंतर बघू.”

मॅनेजर वैतागला. सकाळी तर तुम्ही हॉलसाठीच मागत होता, आता मध्येच हे कुठून काढलं, असं त्याने विचारलं.

“सकाळी मी आत गेले नव्हते,” जाऊबाई म्हणाल्या.